गाद्यांवर झोपलेली शर्यत

गाद्या न्यायची कल्पना आप्पांची. आप्पांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने ते ऐकून घेत नाहीत, त्यामुळे कल्पनेला विरोध असा झाला नाही. उजाडायच्या आत टेम्पो आप्पांच्या गाद्यांच्या कारखान्याच्या दारात लागला आणि आप्पा स्वतः, वयाला न शोभणाऱ्या चपळाईने, एकेक गादी आत चढवून घ्यायला लागले.

"शर्यत आहे आप्पा, वऱ्हाड नाही," त्यांची थोरली लेक आक्का म्हणाली.

"पळणारा माणूस दोन पाळ्यांच्या मध्ये काय करतो?"

"बसतो."

"कशावर?"

आक्काला उत्तर सुचेपर्यंत टेम्पोत डोंगर झाला होता, आणि डोंगराच्या माथ्यावर बारक्या उशा धरून बसला होता. घरातलं हे शेंडेफळ आता चाळिशीला आलं होतं आणि वजनाने दोन शेंडेफळांएवढं होतं. पण त्याला बारक्या म्हणायचं हे एकदा ठरलं ते ठरलं.

शर्यत तलावाभोवतीची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. प्रत्येक संघात पाच माणसं, संघाचा एक लाल पट्टा, आणि नियम एकच: पट्टा थांबता कामा नये. पळा, चाला, रांगा, पण पट्टा खांद्यावर टाकून तुमच्यातलं कोणीतरी सतत वाटेवर हवं. पट्टा थांबला की संघ बाद, आणि त्याच्या सकाळपासूनच्या सगळ्या फेऱ्याही बाद. प्रत्येक फेरीमागे पेठेतल्या दुकानदारांनी पैसे कबूल केले होते, आणि त्यातून दवाखान्यात डायलिसिसचं दुसरं मशीन यायचं होतं. पहिल्या मशीनपुढच्या बाकावर आक्काच्या भावाने, दादाने, जी वर्षं काढली ती गावाने पाहिली होती. त्या वर्षांचा शेवट आक्काने आपली एक किडनी देऊन केला हेही गावाला माहीत होतं. आणि माहीत नसतं तरी आक्काने ते सांगितलंच असतं.

संघात आक्का, बारक्या, वहिनी, दादा-वहिनींची मुलगी चिमणी, आणि पाचवं माणूस हवंच म्हणून दादा. दादाच्या नावापुढे आक्काने आपल्या हाताने 'राखीव' असं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एक रेघ शर्यत भरवणाऱ्या कवायतीच्या सरांसाठी होती. दुसरी दादासाठी.

तलावाच्या काठी बाकीच्या संघांनी सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, एकाने तर नुसते पुठ्ठे आणले होते. आप्पांनी पुठ्ठे पाहिले आणि त्यांना वाईट वाटलं. तासाभरात त्यांनी शेजारच्या संघांना गाद्या वाटून टाकल्या. पोस्टाच्या संघाला दोन, शिक्षकांना तीन, दवाखान्याच्या संघाला चार. कारण त्यांनी दादाला वाचवलं होतं आणि शिवाय त्यांच्यात सर्जन भारदस्त होते.

"उधार?" पोस्टमास्तरांनी संशयाने विचारलं.

"बसून बघा फक्त," आप्पा म्हणाले. साऱ्या पेठेला हे वाक्य ठाऊक होतं. या वाक्यानंतर कोणी रिकाम्या हाताने घरी गेल्याची आठवण नव्हती.

दादाला सगळ्यांत जाड गादी मिळाली, वर छत्री, पाठीला लोड, उशाला औषधांचा डबा.

"टोपी कुठेय याची?" आक्काने पायाला पट्टी बांधता बांधता विचारलं.

"डोक्यावर आहे त्यांच्या," वहिनी म्हणाली.

"ही नव्हे, पांढरी."

"पांढरीच आहे ती, आक्का. तुम्ही काळा चष्मा लावलाय."

आक्काने चष्मा वर केला, टोपी तपासली, चष्मा खाली केला. "पाणी उकळलेलं ना?"

"उकळून, गाळून, गार करून."

"आणि हे बघ रे, माझी किडनी घेऊन उन्हात बसू नकोस."

"बरं," दादा म्हणाला. "तिला सावलीत ठेवतो आणि मी एकटा उन्हात बसतो."

वहिनी हसली नाही. गेली दोन वर्षं ती या विनोदांना हसत नव्हती. आक्काचे उपकार मोठे होते. इतके मोठे की घरात दुसरं काही ठेवायला जागाच उरली नव्हती. नवऱ्याने किती मीठ खायचं, किती पायऱ्या चढायच्या, शिंक आली तर कुठल्या दिशेला तोंड करायचं, हे सगळं गल्लीपलीकडच्या आक्काच्या घरून ठरून येत होतं. वहिनी नुसती अंमलबजावणी खातं होती. दादाला एक साधी पिशवी उचलू दिली तरी तिला गुन्हा केल्यासारखं वाटायचं. आणि दादा? तो काहीच म्हणत नसे. डॉक्टरांच्या खोलीत एकट्या पेशंटलाच सोडत. दोघी नणंद-भावजय बाहेर एकाच बाकावर दोन टोकांना बसत. दादा बाहेर येऊन दर वेळी एकच सांगायचा: "जपा म्हणाले." मग दोघी अजून जपायला लागायच्या, एकमेकींशी चढाओढ लावून.

सकाळ छान गेली. चिमणी हरणासारखी पळाली. बारक्याही पळाला, म्हणजे सुरुवात आणि शेवट पळाला, मधे तलावाच्या पलीकडे पंपघराच्या आड काय झालं ते कोणाला दिसत नव्हतं. वहिनी एका लयीत चालत राहिली, बाजारातून घरी निघाल्यासारखी. आक्का मात्र अशी पळत होती की जणू एका किडनीवर माणूस काय काय करू शकतो याचं तिला गावाला प्रात्यक्षिक द्यायचं आहे. ते तिला द्यायचं होतंच.

मग डबे उघडले. जेवणं झाली. ऊन तापलं, वारा पडला, आणि आप्पांच्या गाद्या आपल्या कामाला लागल्या.

आधी चिमणी गेली. "पाच मिनिटं, काका, फक्त पाठ टेकते," एवढं बोलून तिने पाठ टेकली. तिला हाक मारायची जबाबदारी बारक्याने घेतली आणि ती पार पाडायला तिच्याशेजारीच आडवा झाला. पलीकडे शिक्षकांचा संघ वर्ग भरल्यासारखा ओळीने झोपला. पोस्ट खातं निजलं. दवाखान्याच्या संघात सर्जन उताणे आणि किडनीचे डॉक्टर कुशीवर, तोंड किंचित उघडं. वहिनीने पट्टा आक्काच्या खांद्यावर टाकला आणि बुटातला खडा काढायला गादीच्या कडेवर बसली. खडा निघाला. बूट हातातच राहिला.

आक्का फेरी पुरी करून आली तेव्हा काठावर असा काही शुकशुकाट होता की तिला वाटलं शर्यत रद्द झाली.

"बारक्या," तिने वेग कमी करत हाक मारली. "ए बारक्या. चिमणे. अगं वहिनी."

बारक्याने डोळे मिटूनच हात हलवला. "दुकान बंद आहे," तो म्हणाला. "उद्या या."

थांबता येत नव्हतं. आक्का चालत चालतच पुढे गेली, मान मागे वळवून हाका मारत. वळणावर तिला पोस्टमास्तर भेटले, शिक्षकांपैकी भूगोलाच्या बाई भेटल्या, एक कंपाउंडर भेटला. सगळे खांद्यावर पट्टा घेऊन, मागे मान वळवून, आपापल्या झोपलेल्या माणसांना शिव्या घालत चाललेले. एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, पण आता दुःख एक होतं.

"तुमच्या वडिलांना काय म्हणावं हे मला सुचत नाही," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"मला सुचतंय," आक्का म्हणाली, "पण ते वडील आहेत."

इकडे दादा उठला होता. सबंध काठावर जागी माणसं दोनच: दादा आणि आप्पा. आप्पा खुर्चीवर बसून एकेका झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत होते, शेतकरी पिकाकडे बघतो तसे.

"आप्पा, उठवायला मदत करा. आक्का एकटी फिरतेय."

"झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नाही," आप्पा म्हणाले. "आपल्या दुकानाची रीत आहे."

रीत होती खरी. दुकानात दर्शनी भागी एक गादी कायम घातलेली असे, आणि तिच्यावर बसून बघताना जो झोपेल त्याला आपण होऊन जाग येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एकदा एक वकील कोर्टाची तारीख चुकवून तिथे घोरले होते. उठल्यावर त्यांनी एक अशील गमावला आणि दोन गाद्या घेतल्या.

"ही गिऱ्हाइकं नाहीत, आप्पा. ही तुमची मुलं आहेत."

"मुलं एवढी कुठे झोपतात घरी," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी चिमणीच्या पायावर चादर ओढली.

दादाने बारक्याला हलवलं. बारक्या हलला, पण सबंध, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, आणि तिथे पुन्हा स्थिरावला. तोंडावर पाणी मारलं तेव्हा त्याने ते चाटलं. आणि तेवढ्यात आक्का पुन्हा वळणावर दिसली. ती पळत नव्हती. चालतही नव्हती धड. उजवा पाय ओढत होती; पोटरीत गोळा आला होता, आणि गोळा आलेला पाय घेऊन ती पंपघराला वळसा घालून आली होती. सूर्य अजून बराच वर होता. ती आता बसली तर सकाळपासूनचं सगळं पाण्यात जाणार होतं, अक्षरशः तलावाच्या काठी.

दादा चटकन वाटेवर गेला आणि हात पुढे केला.

"दे इकडे."

"बस खाली," आक्का म्हणाली आणि त्याला वळसा घालून जाऊ लागली. दादा तिच्या बाजूने चालू लागला.

"तुझा पाय बघ."

"पाय माझा आहे. तू आपल्या गादीवर जा. वहिनी! अगं, हा बघ काय करतोय."

नवऱ्याबद्दल आक्काच्या आवाजात तक्रार आली की वहिनीला सरणावरूनही जाग आली असती. ती बूट हातात घेऊन उठून बसली. एका नजरेत तिने सगळं पाहिलं आणि सवयीने नणंदेच्या बाजूला गेली.

"अहो, हे काय? राहू द्या तो पट्टा. दहा पावलं चाललात की धाप लागते तुम्हाला."

"कधी लागली?"

"लागेल."

"डॉक्टरांना विचार आधी," आक्का म्हणाली. ती आता जागच्या जागी घोटाळत होती, पाऊल पाऊल, थांबल्यासारखं दिसू नये एवढंच. "डॉक्टर हो म्हणाले तर देते. विचार, वहिनी."

वहिनी एक बूट घालून लंगडत दवाखान्याच्या गादीकडे गेली आणि दुकानाची रीत मोडून डॉक्टरांचा खांदा तिने गदागदा हलवला. डॉक्टरांनी एक डोळा उघडला.

"डॉक्टर, यांनी एक फेरी मारली तर चालेल का?"

"कोणी?"

"यांनी. तुमच्या पेशंटनी."

"दीड वर्ष काय सांगतोय मी त्यांना?" डॉक्टर म्हणाले. "चाला. पळा. सायकल चालवा. दर खेपेला सांगतो. कशात काही बिघाड नाही, ठणठणीत आहेत, आणि ते भिंतीकडे बघत बसतात." डोळा मिटला. "छान आहे हो ही गादी. केवढ्याला पडते?"

"मागाहून बोलू," आप्पा लांबून म्हणाले. ही गोष्ट त्यांना दोन्ही कानांनी ऐकू आली होती.

वहिनी परत आली ती सावकाश. दोघी दादाकडे बघत होत्या. दादा तलावाकडे.

"जपा म्हणाले," वहिनी म्हणाली. "दर वेळी. जपा म्हणाले."

दादाने टोपी पुढे ओढली.

"दीड वर्ष मी तुम्हाला पिशवी उचलू दिली नाही. जिन्यात तुमच्या मागे हात पसरून चढले. लोक हसायचे."

"तुम्हाला दोघींना बरं वाटायचं," दादा म्हणाला, आणि हे खोटं आहे हे त्यालाच ऐकू आल्यावर त्याने आवाज उतरवला. "मला भीती वाटायची."

"कसली?"

"हिची वस्तू आहे." त्याने आक्काकडे मान केली, तिच्या चेहऱ्याकडे न बघता. "माझ्याकडून बिघडली तर? हिची सायकल मी पहिल्या दिवशी विहिरीत घातली होती."

आक्काचं घोटाळणं चालूच होतं. तिने कपाळावरचा घाम पट्ट्याच्या टोकाला पुसला.

"सायकलला ब्रेक नव्हते," ती म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं तुला. मुद्दाम."

"काय?"

"तू न विचारता घेतलीस म्हणून." तिचा पाय पुन्हा कळवळला आणि ती वाकली. "वहिनी, तू घे बाई पट्टा. मला नाही होत आता."

वहिनीने हात पुढे केला. तिला घेता आला असता. झोप पुरती उडाली होती, दुसरा बूट समोर पडला होता, पाय ताजे होते. तिने आक्काकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो पट्ट्याकडे असा बघत होता जसा लग्नाआधी तिच्या घराच्या खिडकीकडे बघायचा, आपल्याला बोलावणार नाहीत अशी खात्री असल्यासारखा. वहिनीने हात मागे घेतला आणि ती गादीवर बसली. मग, कोणाला शंका नको म्हणून, आडवी झाली.

"मला उठता येत नाहीये, आक्का," ती आभाळाकडे बघून म्हणाली. "आप्पांची गादी आहे. माणसाला धरूनच ठेवते."

"आत्ता तर उठली होतीस."

"त्यानेच कंबर धरली."

आक्का या घरात जन्मलेली होती. खोटं ओळखायला तिला वेळ लागत नसे. फक्त या खोट्यात आपली भावजय एकटी नव्हती, डॉक्टर होते, गादी होती, आप्पा तर होतेच. तिने खांद्यावरचा पट्टा काढला. दादाने मान वाकवली. पट्टा घालताना तिने त्याची टोपी सरळ केली, नाही म्हटलं तरी.

"हळू जा."

"हो."

"हळू म्हणजे हळू."

तो गेला. वहिनी लगेच उठून बसली. आक्का मात्र बसली नाही. एका पायावर, खांबाला धरून उभी राहिली आणि पलीकडच्या काठावर टोपी शोधू लागली. वहिनी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर त्या कधी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या.

"दिसतोय का?"

"तो बघा. पोस्टमास्तरांच्या मागे."

"हात कुठेय त्याचा?"

"पोटाशी. उजवीकडे."

"दुखत असेल."

"धरून चाललेत नुसते. काचेचं सामान नेल्यासारखे."

टोपी हळूहळू सरकत पंपघराच्या आड गेली. मग पोस्टमास्तर बाहेर आले. भूगोलाच्या बाई बाहेर आल्या. टोपी आली नाही. आक्काने वहिनीचं मनगट धरलं. दोन वर्षांत तिने तिला औषधं, पथ्यं आणि सूचना दिल्या होत्या. हात धरला नव्हता.

"पडला असेल," ती म्हणाली. "मी कशाला दिला, वहिनी? मी कशाला दिला?"

"पट्टा?"

"सगळंच."

वहिनीलाही टोपी दिसत नव्हती.

पंपघराच्या मागे दादा पडलेला नव्हता. तिथे कोणाला काही दिसत नाही हे लक्षात आल्यावर तो आधी हळू झाला, मग त्याने इकडे तिकडे पाहिलं, आणि वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या, एक पाय पुढे सरकवत, पट्टा थांबू नये म्हणून. उठला तेव्हा पोटाशी धरलेला हात नाडीवरून परत पोटाशी जायचं विसरला होता. दुसरा हात हलतोय तसा तो हलत होता. त्याने चार पावलं पळून पाहिली. काही झालं नाही. मग आणखी. मग त्याला दम लागला, आणि तो घाबरून त्या दमाकडे लक्ष द्यायला लागला. आजारपणातला दम त्याला पाठ होता: आत पाणी भरल्यासारखा, उशीतून श्वास घेतल्यासारखा. हा तो नव्हता. हा साधा दम होता. पळणाऱ्या कुठल्याही सुटलेल्या पोटाच्या माणसाला लागतो तो. दादाला हसू आलं, आणि हसल्यामुळे दम आणखी लागला.

"आली," वहिनी म्हणाली. टोपी पंपघराच्या अलीकडे आली होती, आणि ती सरकत नव्हती, वरखाली होत होती.

आक्काने चष्मा काढला. "पळतोय तो."

"हो."

"मेला पळतोय."

मनगट सोडल्यावर वहिनीने बघितलं, बोटांचे वळ उठले होते. आक्काच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. घामाबरोबर जाईल असं तिला वाटलं असावं.

एव्हाना काठावर गर्दी जमायला लागली होती. झोपलेली शर्यत बघायला निम्मी पेठ आली होती. लोक गाद्यांच्या मधून पाय न वाजवता फिरत होते, ओळखीच्या घोरण्यावर पैजा लावत होते, आणि जाता जाता मशीनसाठी ठेवलेल्या देणगीच्या डब्यात हात सैल सोडत होते. कवायतीचे सर आले तेव्हा त्यांनी कर्णा तोंडाशी नेला, आप्पांची नजर बघितली, आणि कर्णा खाली घेऊन कुजबुजले, "तुमचा पट्टा चालू आहे ना? मग झालं. मशीनचं जमलं म्हणायला हरकत नाही." आप्पा त्यांना बसून बघा म्हणाले. सर शहाणे होते, उभेच राहिले.

दादा आला. चेहरा लालबुंद, टोपी तिरकी, शर्ट पाठीला चिकटलेला. आक्काने पट्टा घ्यायला हात पुढे केला. दादा तिच्या हाताला टाळी देऊन पुढे गेला.

"अजून एक," तो मागे न बघता म्हणाला.

आक्काने तोंड उघडलं. वहिनीला ते वाक्य तोंडपाठ होतं. तिने मनात सुरूही केलं. पण आक्काने तोंड मिटलं आणि ती गादीवर, खाली बघून, हळूच बसली. वहिनीने तिचा बूट ओढून काढला आणि तिची पोटरी मांडीवर घेऊन चोळायला लागली.

"पुढच्या खेपेला दवाखान्यात मी येत नाही," आक्का म्हणाली. "तू जा."

"बरं."

"आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याला विचारू नकोस. आत जाऊन डॉक्टरांनाच विचार."

"सोडत नाहीत आत."

"आता सोडतील. गादी हवी आहे त्यांना."

वहिनी हसली, पोटरी चोळता चोळता, आवाज न करता, बराच वेळ. आक्काला अजून काहीतरी सांगायचं होतं. कोमट पाण्याचं, मिठाचं, कदाचित शिंकेचं. पण वाक्य अर्ध्यात आलं आणि तिची मान उशीवर कलली. दोन वर्षं ही बाई एक कान उघडा ठेवून निजत होती. आप्पा खुर्चीवरून उठले, लेकीजवळ आले, आणि तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय असं बघून छत्री तिकडे फिरवली.

तेवढ्यात बारक्या धडपडून उठून बसला. गालावर गादीचे टाके उमटले होते.

"माझा नंबर आला का?"

वहिनीने तोंडावर बोट ठेवलं. पलीकडच्या काठावर पांढरी टोपी पंपघराच्या दिशेने चालली होती, आणि या वेळी तिच्यावर कोणी पहारा ठेवत नव्हतं.

"नाही आला, भावजी," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."